तिकीट स्वस्त, सफर महाग

मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांतली मुलं-मुली आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी युरोपात जाऊ लागली आहेत. मागोमाग आई-वडिलांनाही बोलावणं येतं. व्हिसाची धावपळ सुरू होते आणि घरात प्रश्न निघतो : जायचं कसं आणि तिथे फिरायचं कशानं?

१९०६ साली मुंबईच्या अतिया फैजी शिक्षक-प्रशिक्षणासाठी लंडनला गेल्या. १९०८ मध्ये त्यांच्या भगिनी, जंजिऱ्याच्या नाझली बेगम, युरोप पाहून आल्या. दोघींनीही आपला सफर उर्दूत लिहून ठेवला. त्या काळी निवडीचा प्रश्नच फारसा नव्हता. पाण्यावर आगबोट, जमिनीवर आगगाडी. आज पर्याय भरपूर आहेत आणि मोबाईल सर्वांत स्वस्त तिकीट सर्वांत वर दाखवतो. माझं सांगणं एवढंच, की नुसतं तिकीट पाहू नका. घराच्या उंबऱ्यापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा खर्च, वेळ आणि दगदग मोजा. तीही घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या पायांनी मोजा.

सुरुवात आपल्या गावापासून करू. अणदूर सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. इथून हैदराबाद अडीचशे किलोमीटरच्या आसपास, तर मुंबई साडेचारशेच्या. गावात रेल्वे नाही, त्यामुळे मुंबईसाठी आधी सोलापूर गाठावं लागतं. मुंबईहून विमान दोन-चार हजारांनी स्वस्त दिसलं, तरी रेल्वे, टॅक्सी आणि एका रात्रीचा मुक्काम त्यात धरा. बहुतेक वेळा फरक उरत नाही. लातूर, बीड, नांदेडच्या वाचकांनी आपापली बेरीज करून पाहावी.

वाटेत विमान बदलायचं असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या. पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि पुढचं चुकलं, तर एकाच तिकिटावर पुढची सोय विमान कंपनी करते. दोन वेगळी तिकिटं असतील तर नवं तिकीट आपल्या खिशातून. ब्रिटन शेंगेन गटात नाही. तेव्हा लंडनमार्गे जाणार असाल तर तिथल्या ट्रान्झिट व्हिसाची अट आधी तपासा. हलाल जेवण हवं असेल तर ‘मुस्लिम मील’ आगाऊ नोंदवा. अम्मी-अब्बांचे गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअरची मदत मागा. युरोपातल्या विमानतळांवर ती मोफत असते, पण ४८ तास आधी कळवावं लागतं.

तिथे पोहोचल्यावर स्वस्त विमानांचा मोह होतो. पण त्यांत अनेकदा हातातल्या छोट्या बॅगेपलीकडच्या सामानाचे पैसे वेगळे लागतात. शिवाय विमान कुठे उतरतं तेही बघा. ‘पॅरिस-बोवे’ विमानतळ पॅरिसपासून ८० किलोमीटरहून अधिक दूर आहे. ‘फ्रँकफुर्ट-हान’ तर फ्रँकफुर्टपासून शंभरच्याही पुढे.

मधल्या अंतराला रेल्वे बरी पडते. ती शहराच्या मध्यात उतरवते. मद्रिदहून कुर्तुब्याला, म्हणजे आजच्या कोर्दोबाला, वेगवान रेल्वे पावणेदोन तासांच्या आसपास पोहोचवते. विमानतळावर तपासणीसाठी जाण्या-थांबण्यातच एवढा वेळ जातो. अशा गाड्यांची तिकिटं लवकर काढली तर स्वस्त मिळतात.

युरेल पास अनेक देशांत चालतो, पण फ्रान्स, स्पेन, इटलीच्या वेगवान गाड्यांत जागेच्या आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात. दोनच शहरं पाहायची असतील तर पास बहुधा महागात पडतो.

जर्मनीत मुलाकडे महिनाभर राहणार असाल तर ‘डॉइचलँड-तिकीट’ विचारात घ्या. ते २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, आता त्याहून महाग आहे. त्यावर देशभर शहर बस, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्यांत फिरता येतं, मात्र लांब पल्ल्याच्या आयसीई गाड्यांत नाही. ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं. पुढच्या महिन्यात नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

रात्रीची बस सर्वांत स्वस्त असते. तरुणांनी खुशाल जावं. साठी ओलांडलेल्यांना रात्रभर बसवून नेलं तर दुसरा दिवस झोपण्यात जातो, आणि त्या दिवसाच्या हॉटेलचे पैसे तर भरलेलेच असतात. सामानाचा नियम एकच : प्रत्येकाची बॅग ज्याची त्याला जिन्यावरून उचलता आली पाहिजे. गाडी स्टेशनवर दोन-चार मिनिटंच थांबते आणि हमाल मिळत नाही.

तिकीट काढण्याआधी एक कागद घ्या. त्यावर चार रकाने आखा : तिकीट, सामान, स्टेशन-विमानतळाची ये-जा आणि मुक्काम. प्रत्येक पर्याय त्यात भरा आणि बेरीज अम्मी-अब्बांना दाखवा. पैसे बहुधा त्यांच्याच बचतीतले असतात आणि पायही त्यांचेच दुखणार असतात. निवड त्यांना करू द्या.