मोठ्यांची भातुकली

घरात कोणी पन्नाशीचे माणूस कात्री आणि पुठ्ठा घेऊन बाहुलीचा पलंग करायला बसले, की बाकीच्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "कोणासाठी?" नातीसाठी असेल तर कौतुक होते. स्वतःसाठी म्हटले, की मात्र सगळे हसतात. बाहुल्या म्हणजे मुलांचा खेळ, अशी आपली पक्की समजूत!

बंगळूरकडे नवरात्रात ही समजूत टिकत नाही. होसूर रस्त्यावरचे बोम्मसंद्राच घ्या. हा एरवी कारखान्यांचा भाग. ऑगस्ट 2025 मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका इथपर्यंत आली. नोकरीनिमित्त त्या बाजूला राहायला गेलेल्या मराठी गृहिणीला शेजारच्या कन्नड घरातून बाहुल्या पाहायला बोलावणे आले, तर तिने जरूर जावे. तिथे विषम संख्येच्या पायऱ्या मांडलेल्या असतात आणि मानाच्या जागी 'पट्टद गोंबे', म्हणजे राजाराणीची लाकडी जोडी असते. ही जोडी लेकीला लग्नात माहेरून देण्याची रीत आहे. तिला दरवर्षी नवी वस्त्रे नेसवतात. पायऱ्यांशेजारी खेडे, बाजार, लग्नमंडप, बाग अशी छोटी दृश्ये मांडली जातात. हे सारे जमवण्यात घरातल्या मोठ्या बायकाच पुढे असतात आणि त्यांना कोणी हसत नाही. ते पाहताना मराठी मनाला दिवाळीच्या किल्ल्यावर पेरलेले अळीव आणि माळ्यावरची पितळी भातुकली आठवल्यावाचून राहणार नाही.

परदेशातले बाहुलीघर तर मोठ्यांच्या हौसेतूनच आले. हॉलंडमधील पेट्रोनेला ओर्टमन या श्रीमंत बाईने 1686 च्या सुमारास करायला घेतलेले बाहुलीघर आज ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. त्यावर कालव्याकाठच्या खऱ्या घराइतका पैसा ओतला गेला, असे सांगतात. नवी दिल्लीच्या आखणीतले प्रमुख वास्तुविशारद एडविन लट्यन्स यांनी 1921 ते 1924 या काळात इंग्लंडच्या राणी मेरीसाठी बाहुलीघर उभारले. त्यात नळाला पाणी, विजेचे दिवे आणि चालती लिफ्टसुद्धा होती! आपल्याकडे पुण्याच्या विलास करंदीकर यांनी भातुकलीच्या हजारो वस्तू जमवल्या आणि त्यांची प्रदर्शने भरवली.

एवढा खर्च आपल्याला करायचा नाही. फुटाला एक इंच, हे या छंदातले सर्वांत रुळलेले प्रमाण. दहा फुटांची भिंत दहा इंचांची आणि साडेपाच फुटांची बाई साडेपाच इंचांची होते. प्रमाण चुकले, की कितीही सुबक केलेले घर खोटे वाटते. म्हणून कात्रीच्या आधी मोजपट्टी हाती घ्यावी.

सुरुवात पूर्ण घराने करू नये, एका खोलीने करावी. स्वयंपाकघर उत्तम. बुटांचे खोके आडवे ठेवले, की तीन भिंती, जमीन आणि छत तयार. काड्यापेट्या एकावर एक चिकटवून खणांचे कपाट होते. आइस्क्रीमच्या काड्यांच्या फळ्या, टूथपेस्टच्या झाकणाची कुंडी, मोठ्या मण्याचा तांब्या होतो. पडद्यासाठी कापड निवडताना नक्षी बारीक हवी. मोठ्या फुलांचे छापील कापड छोट्या खिडकीला शोभत नाही. चन्नपट्टणची किंवा सावंतवाडीची लाखकाम केलेली लाकडी भांडी सुरेख असतात, पण बरीचशी या प्रमाणाला मोठी पडतात. विकत घेताना पट्टी लावून पाहावे.

मात्र खरा प्रश्न निराळाच आहे, घर करायचे ते कोणाचे? परदेशी चित्रातला बंगला करता येईल. पण आजोळचा वाडा, कोकणातले घर, गिरगावातल्या चाळीतली दोन खोल्यांची बिऱ्हाडे यांतले बरेच आता पाडले गेले किंवा विकले गेले. त्यांचे फोटो असतात ते लग्नामुंजीचे, ओळीने उभ्या राहिलेल्या माणसांचे. चूल, फडताळ, पाण्याची मोरी यांचा फोटो कोण काढणार?

ते घर पुठ्ठ्यात उभारायला बसले, की अडचणी सुरू होतात. माजघराचे दार कुठे उघडत होते? कोनाडा देवघराच्या डावीकडे होता की उजवीकडे? जाते कोणत्या खोलीत होते? मग सासूबाईंना विचारावे लागते, गावच्या आत्याला फोन करावा लागतो. बहीणभावांत वाद होतात, आणि त्या वादात विसरलेल्या कितीतरी गोष्टी निघतात. एरवी गप्प बसणारी आजी असे विचारताच तासभर बोलते.

म्हणूनच हा छंद 'निवृत्तीनंतर पाहू' म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नाही. पुठ्ठा आणि गोंद कधीही मिळतील. कोनाडा कोणत्या बाजूला होता, हे सांगणारी माणसे मात्र आज आहेत तोवरच आहेत. त्यांच्यासमोर कागद ठेवून आधी घराचा नकाशा काढून घ्यावा, कात्री नंतर चालवावी.

नातवंडांनाही यात घ्यावे. काड्यापेट्या चिकटवायला चिमुकली बोटे फार उपयोगी पडतात. घर पुरे झाले, की त्याच्या पाठीवर गावाचे नाव, साल आणि कोण कोणत्या खोलीत झोपत असे, तेही लिहून ठेवावे.