कादंबरीत काय ठेवले आहे?

“मास्तर, खरी पुस्तके वाचा, कादंबरीत काय ठेवले आहे?” बारामतीच्या एस. टी. स्थानकावर इंदापूरकडच्या एका बागायतदार स्नेह्यांनी मला सुनावले. त्यांच्या हाती वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ होते. १९८१ सालचे हे चरित्र मीही नुकतेच पुन्हा वाचले. मातीवर माया करावी ती अशी! पण म्हणून कादंबरी खोटी? हे मला साफ नामंजूर आहे.

त्याच आठवड्यात मी विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ वाचली. १९९१ सालची ही कादंबरी धरणग्रस्तांची. उजनी धरण १९८० साली पुरे झाले, साठा सुमारे ११७ टीएमसी, हे कोणतेही माहितीपुस्तक सांगेल. परंतु पाणी फार ओसरून पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडले, की काठावरच्या म्हातारीच्या पोटात काय कालवते, हे त्या आकड्यात कोठे आहे? ते कळायला कादंबरीच हवी.

स्नेह्यांची पाण्याची मोटार त्याच जलाशयात आहे. वाचकहो, या दिवाळीला मी त्यांना ‘झाडाझडती’च भेट देणार आहे. तुम्हीही घरी मुलांसाठी चरित्राबरोबर एक कादंबरी आणा!