हँडल

मराठीत काही इंग्रजी शब्द असे मुरले आहेत की त्यांना बाहेरचे म्हणणं म्हणजे तीस वर्षं घरात नांदलेल्या सुनेला 'परक्या घरची' म्हणण्यासारखं आहे. 'हँडल' त्यातलाच. सायकलचं हँडल, शिवणयंत्राचं हँडल, हातपंपाचं हँडल. याला मराठी प्रतिशब्द शोधत बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. "सायकलची मूठ धर" असं कोणी म्हणालं तर पोरगं बापाकडे बघतच राहील!

गंमत अशी की आपल्याकडे या एका वस्तूला एक शब्द कधीच नव्हता. होते ते भरपूर. सुरीला मूठ, कुऱ्हाडीला दांडा, बादलीला कडी, जात्याला खुंटा, नांगराला रुमणं. कढईला तर चक्क कान! कपालाही कानच. आणि ज्या पातेल्याला कान नाहीत त्याच्यासाठी वेगळी सांडशी. प्रत्येक शब्दात हाताची वेगळी हालचाल आहे. मूठ आवळायची, दांडा पेलायचा, कडीत बोटं अडकवायची, खुंटा धरून फिरवायचं. शब्द ऐकला की हाताला कळतं काय करायचं ते. इंग्रजी 'हँडल' हाताला एवढंच सांगतो की इथे धर.

आमच्या सातपाटीत हा शब्द बहुधा इंजिनाबरोबरच रुळला असावा. १९५०च्या दशकात इथल्या होड्यांवर इंजिनं चढू लागली. शिडाच्या आणि वल्ह्याच्या माणसांना डिझेल इंजिन शिकावं लागलं. जुनी लहान इंजिनं हाताने सुरू करायची असत, त्याला म्हणायचं 'हँडल मारणं'. त्यात एक शहाणपण होतं, ते म्हाताऱ्या खलाशांकडून मी ऐकलं आहे. हँडल धरताना अंगठा पलीकडून वळवून मूठ आवळायची नाही, तो बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात सुटला पाहिजे, नाहीतर अंगठा किंवा मनगट गेलंच म्हणून समजा. म्हणजे हँडल धरायचं, पण सोडायची तयारी ठेवून! मला ही सूचना फार आवडते. हँडल या वस्तूचा सगळा स्वभाव तिच्यात आला आहे.

कारण हँडल असतं कशासाठी? नीट पाहिलं तर ते मूळ वस्तूला हात लागू नये म्हणून असतं. कढई तापलेली असते म्हणून कान धरायचे, पातं कापतं म्हणून मूठ धरायची. याचं टोक बघायचं तर आमच्यापासून लांब जायला नको. उत्तरेला तारापूर आहे, तिथे १९६९ पासून अणुवीज तयार होते. अणुउद्योगात किरणोत्सारी वस्तू माणसाने हाताने उचलायच्या नसतात. जाड काचेच्या अलीकडे उभं राहून यंत्राच्या हातांनी उचलायच्या. त्या कामाला नावच आहे 'रिमोट हँडलिंग'. आणि ते तसंच हवं, त्यात शंका नाही.

आता सातपाटीचा पापलेट घ्या. २०२३ मध्ये तो महाराष्ट्राचा राज्य मासा झाला. (आम्हाला त्याचं विशेष वाटलं नाही, आमच्याकडे तो आधीपासूनच राजा होता!) सरकारी प्रशिक्षणात याच्याही बाबतीत 'फिश हँडलिंग' असाच शब्द येतो. पण पापलेटला ना मूठ, ना कडी, ना कान. त्याची खवलं बारीक, जरा घासलं की निघतात आणि चांदीसारखी चकाकी उतरते. चकाकी उतरली की भाव उतरतो. म्हणून तो फेकायचा नाही, दाबायचा नाही, भराभर बर्फात घालायचा. बर्फाने बोटं बधिर झाली तरी हात मऊच ठेवायचा. हे काम वर्षानुवर्षं करणाऱ्या बायका 'हँडल' म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "सांभाळून घे गं."

इथे मला खरा मुद्दा मांडायचा आहे, आणि तो थोडा घरगुती आहे. नातेवाईक मंडळी हे वाचतात, तेव्हा रागावू नये.

अलीकडे आपण माणसंसुद्धा 'हँडल' करू लागलो आहोत. "सासूबाईंना मी हँडल करते." "त्याचा राग कसा हँडल करायचा?" गेल्या वर्षी आमच्या आत्याने अंथरूण धरलं तेव्हा फोनवर सगळे भाऊबहीण एकत्र जमलो. ठरलं काय, तर "आत्याला तिकडचे हँडल करतील, पैशाचं इकडचे हँडल करतील." वाक्य कसं गोल आणि गुळगुळीत! फोन ठेवला तेव्हा सगळ्यांना हलकं वाटलं. फक्त वहिनी उठली आणि आत्याला कुशीवर वळवायला गेली.

त्या वाक्यात कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणाचं मनही वाईट नव्हतं. पण आत्याला कान नाहीत हो, कढईसारखे! तिला उचलायचं म्हणजे काखेत हात घालावा लागतो. तिला भरवावं लागतं, पुसावं लागतं, रात्री दोनला "कोण आहे?" म्हणाली तर "मी आहे" म्हणावं लागतं. ती चिडली तर समजूत काढावी लागते, रडली तर नुसतं बसावं लागतं. मराठीत या प्रत्येकाला क्रियापद आहे. सांभाळणं, सावरणं, आवरणं, निभावणं, झेलणं, समजावणं ही एकाच कामाची सहा नावं नाहीत, सहा वेगळी कामं आहेत. 'हँडल करणं' म्हटलं की ती सगळी एका डब्यात जातात, झाकण बसतं, आणि डबा ज्याच्या हातात असतो त्यालाच त्याचं वजन कळतं.

कुणी म्हणेल, शब्दाने काय होतं? 'हाताळणं' हा आपलाही शब्द हातावरूनच आला आहे, जसा इंग्रजीत हँडवरून हँडल. ('हात' आणि 'हँड' यांचं मात्र नातं नाही, नुसता योगायोग.) खरं आहे. पण 'हाताळणं'मध्ये निदान हात वस्तूला लागतो. शिवाय 'आत्याला हाताळतो' असं आपण म्हणत नाही, कानाला खटकतं. 'हँडल करतो' मात्र खटकत नाही. इंग्रजीचं हे एक मऊ हातमोजं आपण चढवलं आहे, आणि त्यातून ऊब-थंडी काही कळेनाशी झाली आहे.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच. सायकलचं हँडल राहू दे. इंजिनाचं राहू दे. समाजमाध्यमांवरच्या नावाला हँडल म्हणतात तेही राहू दे, नाव म्हणजे शेवटी माणसाला हाक मारताना धरायची जागाच. आमच्या गावात एका आडनावाची ढीगभर घरं, टोपणनावाशिवाय माणूस हाती लागत नाही. पण घरातल्या माणसाबद्दल बोलताना क्रियापद पूर्ण उच्चारावं. पुढच्या वेळी फोनवर कुणी "मी हँडल करतो" म्हणालं की प्रेमाने विचारावं, "म्हणजे नक्की काय करतोस रे? रात्री बसतोस, डॉक्टरशी बोलतोस, की वहिनीला चार दिवस माहेरी पाठवून स्वतः येतोस?" उत्तरात मराठी क्रियापद आलं की समजावं, काम वाटलं गेलं.

आत्याच्या बाबतीत आम्ही आता तसं विचारू लागलो आहोत. मे महिन्यात दोघांनी रजा टाकली आहे, बघू.

असो. विषय हँडलचा होता, कुठल्या कुठे गेला. तुमच्याकडे कढईच्या कानाला, विळ्याच्या मुठीला, पाण्याच्या हंड्याच्या धरायच्या जागेला काय म्हणतात ते जरूर कळवा. अजून वीस-पंचवीस शब्द तरी निघतील असा माझा अंदाज आहे.