फरशी पुसणारी बाजी

हे पुस्तक आमच्या एका माजी विद्यार्थिनीने आणून दिले. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "आपा, यातली बाई नर्स आहे म्हणून घेतलं, आणि दोन रात्री नीट झोपले नाही." इंग्रजी कादंबरी म्हटली की आम्ही डिक्शनरी शेजारी ठेवून बसतो, पण या वेळी ती फारशी उघडावी लागली नाही. वाक्ये छोटी, प्रकरणे दोन-तीन पानांची. रविवारी जोहरनंतर हातात घेतले ते इशाच्या आधी संपले. मधला स्वयंपाक कसा झाला, ते घरच्यांना विचारा.

'माय सिस्टर, द सिरियल किलर' हे पुस्तकाचे नाव. लेखिका ओयिंकान ब्रेथवेट नायजेरियाच्या. त्यांची ही पहिली कादंबरी २०१८ मध्ये आली आणि २०१९ च्या बुकर पारितोषिकाच्या पहिल्या यादीत तिचे नाव होते.

कथा घडते लागोस शहरात. कोरेडे थोरली, एका मोठ्या इस्पितळात नर्स. अयोला धाकटी, देखणी, स्वतः शिवून घेतलेल्या कपड्यांचे फोटो टाकून विकणारी. एका रात्री धाकटीचा फोन येतो. ज्याच्याशी तिचे चालले होते, त्याला तिने सुरीने मारले आहे. तो अंगावर धावून आला, असे ती म्हणते. हा तिसरा. कोरेडे ब्लीच आणि हातमोजे घेऊन पोहोचते, बाथरूम घासते, प्रेत चादरीत गुंडाळून गाडीत घालते आणि दोघी ते पुलावरून पाण्यात सोडतात. हे सारे सुरुवातीच्या काही पानांतच.

म्हणजे खून कोणी केला, हे कोडे इथे नाहीच. वाचताना जीव टांगणीला लागतो तो वेगळ्याच प्रश्नाने: ही थोरली कुठवर पुसत राहणार? मेलेल्या माणसाचे घरचे त्याला शोधत आहेत आणि धाकटीला इंटरनेटवर आपला हसरा फोटो टाकायचा आहे. थोरली फोन हिसकावून सांगते, आता नाही, अजून थोडे दिवस दुःखात दिसायला हवे. तिथे आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. इतका वेळ कोरेडे आम्हाला बिचारी वाटत होती. त्या प्रसंगात ती बिचारी राहत नाही, कारण त्या घरच्यांचे काय होत असेल हे तिला पुरते ठाऊक आहे.

मग धाकटी एक दिवस इस्पितळात येते. तिथला डॉक्टर टाडे कोरेडेच्या मनात कितीतरी दिवस आहे. त्याची नजर धाकटीवर पडते आणि संपलेच. आईही खूश: एवढा चांगला मुलगा आला आहे तर तो अयोलासाठीच असणार! ही आई वाचताना आमच्या ओळखीच्या चार घरांतल्या अम्मीजान डोळ्यांपुढे आल्या. गोरी मुलगी बैठकीत, सावळी मुलगी चहाच्या ट्रेमागे.

या आईने थोरलीला लहानपणापासून एक नोकरी लावून दिलेली आहे, धाकटीला सांभाळण्याची. त्या नोकरीला रजा नाही. पण सगळा दोष आईच्या पदरात टाकू नये. या घरात वडील होते. बाहेर इज्जतदार, घरात वेताची छडी. पाहुण्यांपुढे ते एक वाकड्या पात्याची सुरी मोठ्या अभिमानाने मिरवत. अयोला चौदा वर्षांची असताना याच बापाने तिला एका बड्या असामीच्या हवाली करायची तयारी केली, तेव्हा मध्ये कोण उभे राहिले? कोरेडेच. आज तीच सुरी अयोलाच्या पर्समध्ये असते. वडिलांच्या शेवटच्या दिवसाचे काय झाले ते लेखिका तुकड्यातुकड्याने सांगतात. तो भाग आम्ही इथे फोडणार नाही.

उर्दूत एक सुंदर शब्द आहे, पर्दापोशी. दुसऱ्याचा ऐब दिसला तरी झाकावा, त्याची चारचौघांत शोभा करू नये. आपल्या घरांत हा गुण मुलींना पाळण्यातच शिकवतात आणि थोरल्या मुलीला जरा जास्तच. कोरेडे ही या गुणाची टोकाला गेलेली आकृती आहे. फरक इतकाच की झाकलेल्या ऐबामुळे फक्त ऐबवालीच वाचते तोवर ती पर्दापोशी. कोरेडे झाकते तेव्हा पुढच्या माणसाचा जीव जातो. पहिल्या खुनानंतर ती बोलली असती तर बाकीचे दोघे जिवंत असते, हे ती रात्री जागून स्वतःच मोजते.

हे वाचताना आम्हाला आमच्या वर्गातल्या दोन बहिणी आठवल्या. बरीच वर्षे झाली. थोरली नववीत, धाकटी सातवीत. धाकटीच्या वह्यांत थोरलीचे अक्षर. एकदा सहलीचे जमवलेले पैसे वर्गातून गेले. दुसऱ्या दिवशी थोरली तेवढीच रक्कम घेऊन आली, म्हणाली, "आपा, मीच घेतले होते." ती त्या दिवशी शाळेतच नव्हती, हजेरीपटावर आमच्याच हाताने गैरहजेरी लावलेली होती. आम्ही पैसे घेतले, हजेरीपट मिटला आणि मनात म्हणालो, बहीण असावी तर अशी. धाकटीला काही विचारले नाही. थोरली पुढे कधी सहलीला आली नाही. ते पैसे तिने कुठून आणले होते, हेही विचारायचे राहून गेले. त्या दिवशीच्या स्वतःच्या समजूतदारपणाचे आम्हाला आता फारसे कौतुक वाटत नाही.

कादंबरीत उणिवा आहेत. पोलिसांचा भाग घाईत उरकला आहे. टाडे अगदीच पोकळ आहे. असल्या माणसासाठी दोन बहिणींनी झुरावे याचे आम्हाला वाईट वाटले. पण एक पात्र फार जिव्हाळ्याचे उतरले आहे. मुहतार नावाचा एक रुग्ण अपघातानंतर बेशुद्ध पडून आहे. कोरेडे रोज त्याच्या खाटेशी बसून सगळे सांगते, कारण तो ऐकत नाही. घरी जिच्याशी बोलावे अशी आई आहे, बहीण आहे, आणि मन मोकळे करायला तिला बेशुद्ध माणूस लागतो. मग एक दिवस तो शुद्धीवर येतो. आणि त्याला बरेचसे आठवत असते.

शेवटी कोरेडेला निवड करावी लागते. ती कोणती, ते सांगत नाही. आमच्या विद्यार्थिनीचे म्हणणे, "आपा, तिच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता. बहीण आहे." आमचे म्हणणे, रस्ता होता. मुहतारच्या रूपाने तो चालत तिच्यापुढे आला होता, आणि तिने तो पाहिलाही होता. यावरून फोनवर आमचे अर्धा तास वाजले. तिला दोन धाकट्या बहिणी आहेत, हे आम्हाला बोलणे संपल्यावर आठवले. पुस्तक अजून आमच्याकडेच आहे. येत्या जुम्म्याला ती ते न्यायला येणार आहे.