पातं थांबेपर्यंत

आमचा सागवानी दरवाजा दर पावसाळ्यात फुगतो. गेल्या आषाढात तो चौकटीत असा रुतून बसला, की सुताराला बोलावणं भाग पडलं. आलेला मुलगा तिशीतला. पूर्वी त्याचे वडील यायचे. त्यांच्या पिशवीत लाकडी रंधा असे. याच्या पिशवीतून विजेचा रंधा निघाला.

“काका, लाकूड ओलं आहे. घासतंय तेवढंच काढतो, बाकीचं दिवाळीनंतर बघू,” तो म्हणाला.

“मशीन आहे ना? मग एकदाच काय ते उरकून टाक,” मी म्हणालो.

पाच मिनिटांत काम झालं. पुढे हवा कोरडी झाली, लाकूड आकसलं आणि दरवाजाच्या फटीतून वर्तमानपत्राची घडी आरपार जाऊ लागली.

अशा वेळी आम्हा लेखकमंडळींना जुन्या रंध्याचा उमाळा येतो. मला तो नको आहे. त्याच्या वडिलांचा खांदा उतारवयात वर उचलत नसे, हे मी पाहिलं आहे. ज्यांनी दिवसभर रंधा मारला नाही, त्यांनी त्याचे गोडवे गाऊ नयेत. यंत्र आलं हे चांगलंच झालं. वाईट आहे ती आपली घाई.

या रंध्याच्या पोटातला रूळ मिनिटाला दहा-पंधरा हजार फेरे घेतो. बटण सोडलं तरी पाती काही सेकंद फिरतच राहतात. तेवढ्यात यंत्र खाली टेकवलं, तर ते उसळून हातापायावर येऊ शकतं. तो मुलगा आवाज पूर्ण विरेपर्यंत यंत्र हातात धरून उभा होता. मी मात्र घड्याळ बघत होतो.

बँकेत असताना अशा यंत्रांसाठी मी कर्जं मंजूर केली. कोटेशन पाहिलं, जामीनदार पाहिले, हप्ते बसवले. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, भुसा ओढून घेणारी पिशवी यांचा खर्च त्यात धरला आहे का, हे कधी विचारलं नाही. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली दिला. तेव्हा मी नोकरीत होतो. ती माहिती माझ्या टेबलापर्यंत आली नाही, असं म्हणणं सोयीचं आहे. खरं म्हणजे मी ती शोधलीच नाही.

यंत्राने वेळ वाचतो, पण तो वाचलेला वेळ आपण गिऱ्हाईक लगेच स्वतःच्या खात्यावर जमा करतो. पाच मिनिटांचं काम म्हणून मजुरी कापतो, आणि सुतार थांबू म्हणाला तर त्याला कामचुकार ठरवतो. काढलेलं लाकूड परत चिकटत नाही, बोटाचंही तसंच.

दरवाजाच्या कडेला आता त्याच मुलाने सागाची पट्टी बसवली आहे. दोन खेपा घातल्या, मधे आठ दिवस गेले. पैसे मात्र मी घासाघीस न करता दिले. ते पट्टीचे नव्हते, त्याने आषाढात सांगितलेल्या आणि मी न ऐकलेल्या एका वाक्याचे होते.