गिअरबॉक्सला खरंच ताप आलाय का?

कमठाण्याच्या आमच्या दाजींची जुनी ऑटोमॅटिक गाडी मे महिन्यात अडून बसू लागली. दिवा पेटायचा, गिअर धक्क्याने पडायचा. एका गॅरेजवाल्याने थेट गिअरबॉक्स उतरवायला सांगितला. म्हणजे बैलजोडीचे पैसे!

मी म्हटलं, थांबा दाजी. गिअरबॉक्समधल्या तेलाची उष्णता सांगणारा एक सेन्सर असतो. तेल तापलं की त्याचा विद्युतरोध घटतो. तार तुटली तर मात्र रोध अफाट होतो आणि गाडीच्या संगणकाला वाटतं, तेल गोठलंय. मग तो गिअर भलत्याच वेळी बदलतो. त्या बिघाडाचा कोड पी ०७१३. दाजींच्या गाडीत तोच निघाला.

खरी तपासणी पहाटेची. रात्रभर उभ्या गाडीत तेल, इंजिनचं पाणी आणि बाहेरची हवा साधारण एकाच अंशावर हवीत. आम्ही स्कॅनर लावला. पाणी २७ अंश, तेल उणे ४०! मिस्त्री हसत म्हणाला, "एण्णी बिसी इल्री!" बिदरच्या मे महिन्यात उणे ४०?

त्याने कनेक्टर काढला, गाडीच्या पुस्तकात बघून सेन्सरच्या दोन तारांची टोकं जोडली. सेन्सर बिघडलेला असता तर आकडा झटक्यात वर गेला असता. तो हललाच नाही. म्हणजे दोष तारेत. गाडी कडब्याच्या गंजीशेजारी उभी असते, उंदरांनी तार कुरतडली होती. नवी तार जोडली, दिवा विझला.

तेल काळं पडून जळका वास येत असता, तर मात्र गॅरेजवाल्याचं ऐकावं लागलं असतं.