वाहनतळ, पालखीतळ आणि फुटबॉल

'पार्किंग'साठी मराठीने 'वाहनतळ' हा शब्द घडवला, तेव्हा त्यात 'तळ' हा फार जुना शब्द येऊन बसला. तळ पडतो, तळ ठोकला जातो, तळ हलतो. सैन्याचा तळ असतो, पालखीचा तळ असतो. तळावर माणसे उतरतात, चूल पेटते, ओळखी होतात. वाहनतळावर मात्र केवळ वाहन उतरते आणि माणूस तेथून घाईने निघून जातो. शब्द टिकला, पण त्यातला मुक्काम नाहीसा झाला.

जोगेश्वरीत राहून मराठी शिकवणाऱ्या आम्हा काही जणांना हे जाणवले ते फुटबॉलच्या निमित्ताने. आमच्या शेजारी, अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई मार्गावर, शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आहे. त्यातले मैदान 'मुंबई फुटबॉल अरिना' म्हणून ओळखले जाते. इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली, तेव्हा मुंबई सिटी एफसीचे घरचे सामने नेरुळला होत. 2016 मध्ये ते येथे आले. तेव्हापासून सामन्याची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न ठरलेला : 'गाडी कुठे लावायची?' आमचे म्हणणे असे की हा प्रश्नच चुकीच्या जागेवरून विचारला जातो.

साधा हिशेब करू. सामन्याला 7,000 प्रेक्षक आले आणि एका मोटारीतून तिघे आले असे धरले, तर सुमारे 2,300 मोटारी होतात. एका मोटारीला उभे राहण्यास आणि वळण्यास मिळून 25 चौरस मीटर जागा धरली, तर एकूण जागा 57,000 चौरस मीटरांहून अधिक लागते. म्हणजे जवळजवळ आठ फुटबॉल मैदाने. एका मैदानावरचा खेळ पाहण्यासाठी आठ मैदाने डांबराखाली घालावीत, अशी मागणी अंधेरी-जोगेश्वरीसारख्या दाट वस्तीत कोणी गंभीरपणे करील असे वाटत नाही.

अमेरिकेत मात्र ती केली गेली आणि पुरवलीही गेली. तेथील व्यावसायिक फुटबॉलच्या (तो बहुतांशी हातांनी खेळला जातो, हे सोडून देऊ) मैदानांभोवती अनेक ठिकाणी मोटारींसाठी अफाट मोकळी जागा असते. लोक सामन्याच्या कितीतरी तास आधी येतात, गाडीचे मागचे दार उघडतात, शेगडी पेटवतात, शेजारच्या अनोळखी कुटुंबाला ताटात वाढतात. या प्रथेला 'टेलगेटिंग' म्हणतात. टेलगेट म्हणजे आपल्या ट्रकवाल्यांच्या भाषेत फाळका. फाळका पाडून मांडलेली ही पंगत आम्हाला परकी वाटत नाही. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीबरोबर दिंड्यांचे ट्रक असतात. सासवड, लोणंद, फलटण, वाखरी येथल्या तळांवर त्यांतून भांडी आणि शिधा उतरतो आणि दमून आलेल्यांसाठी स्वयंपाक होतो. बैलगाड्या सोडून तीन दगडांची चूल मांडणाऱ्या जत्रेकरूंनाही हे नवे नव्हते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना यातली रचना ओळखीची वाटेल. कीर्तनाला पूर्वरंग असतो, तमाशात वगाआधी गण-गवळण असते, संगीत नाटकाला नांदी असते. एकेकटी आलेली माणसे मुख्य आख्यानाआधी प्रेक्षक म्हणून एकत्र बांधली जावीत, हे या सर्वांचे काम. टेलगेटिंग हा खेळाचा पूर्वरंग आहे. त्यासाठी मोटार अपरिहार्य नाही. जागा आणि वेळ अपरिहार्य आहेत.

याची प्रचीती आपल्याच मैदानावर आलेली आहे. 1 जून 2018 रोजी भारताने चायनीज तैपेईचा 5-0 असा पराभव केला, तेव्हा स्टँड बहुतांशी रिकामे होते. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्रीने चित्रफितीतून 'मैदानात या' अशी विनवणी केली आणि 4 जूनला केनियाविरुद्धच्या सामन्याला भर पावसात मैदान भरले. वाहनतळ या तीन दिवसांत वाढला नव्हता. वाढली होती ती आपलेपणाची भावना. याच्या उलट, मुंबई सिटीने आपले पहिले विजेतेपद मार्च 2021 मध्ये मडगावात, साथीच्या निर्बंधांमुळे प्रेक्षकांविना मिळवले. आख्यान रंगले, पण त्याला पूर्वरंग नव्हता.

शहरातल्याच एका मैदानावर (नाव महत्त्वाचे नाही) आमच्यातल्या एकीचा घरचा डबा दाराशी अडवला गेला. टाकून देण्यापेक्षा आम्ही तो भिंतीला टेकून, उभ्याने खाल्ला. शेजारी उभ्या असलेल्या बाप-लेकीनेही त्यातल्या दोन पोळ्या घेतल्या आणि बदल्यात भाजलेले दाणे दिले. त्या सामन्याचा निकाल आज आम्हाला आठवत नाही, ते दाणे आठवतात. पण तेवढ्या दहा मिनिटांत 'बाजूला व्हा, बाजूला व्हा' असे आम्हाला चारदा ऐकावे लागले.

यावर आक्षेप घेता येतील. गर्दी रेंगाळली की कचरा होतो, दारू येते, गल्ल्यांतल्या रहिवाशांची वाट अडते. ते खरे आहे. वृद्धांना आणि अपंगांना गाडी दारापर्यंत हवी, हेही खरे. थोडी राखीव जागा त्यांचीच असावी. परंतु बाकीच्यांसाठी मेट्रो आहे. पहिली मार्गिका 2014 मध्ये सुरू झाली आणि तिचे आझाद नगर स्थानक मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चर्चगेटला उतरून वानखेडेपर्यंत चालत जाणाऱ्या मुंबईकराला हे नव्याने शिकवावे लागणार नाही.

म्हणून आमची मागणी वाहनतळाची नाही, तळाची आहे. सामन्याच्या दिवशी दोन-तीन तास मैदानालगतच्या रस्त्याचा एक तुकडा वाहनांसाठी बंद ठेवावा. वडापाव आणि चहा विकणाऱ्यांना तेथे अधिकृतपणे उभे राहू द्यावे. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, कचऱ्याचे डबे आणि बसायला काही बाके असावीत. आठ मैदानांचे डांबर वाचवून मिळणारी ही सोय महाग म्हणता येणार नाही.

पुढच्या सामन्याला आम्ही जोगेश्वरीहून चालतच निघू. पोळ्या मात्र चार जास्त घेऊ.